राशीच्या तळाचं मीठ

मास्तरांना कुणी काही सांगायला लागलं, की त्यांचा उजवा हात वर जायचा. आणि म्हणायचे, "काय दिसलं ते सांग. काय वाटलं ते मागून." मग समोरचा कोण आहे याचा मुलाहिजा नाही. मिठागराचा मुकादम असो, नाहीतर त्यांच्या शाळेचे हेडमास्तर. एकदा आमच्या आळीत साप निघाला म्हणून एक म्हातारी बोंबलत आली, तर तिलाही त्यांनी हात वर केला. "आजी, साप दिसला, की सापासारखं काही दिसलं?" म्हातारीने त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. पण खरं सांगायचं तर तो साप नव्हता. सायकलची फाटकी ट्यूब होती, आणि ती मास्तरांच्याच सायकलची होती.

ते ठाण्याच्या एका शाळेत रसायन शिकवायचे. आम्ही खाडीच्या अलीकडचे, कळव्याचे, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेले. मी चौथी शिकलो आणि पाचवीच्या वर्षी हातात फावडं आलं, त्यामुळे लिहिण्यात चुकलं तर चुकलं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. शनिवारी अर्धी शाळा सुटली की मास्तर सायकलवरून पूल ओलांडून यायचे. अंगात काळा कोट. चैत्रातसुद्धा कोट. मिठागरावर सावलीला झाड नाही, खालून पांढरं मीठ डोळ्यांत भाजतं, आम्ही उघड्या अंगाने, आणि हा माणूस कोटात. खिशात काचेच्या नळ्या वाजायच्या. एवढा धीट माणूस, पण बांधावर चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा, दिसली की दहा हात मागे सरायचे. आमची घरची पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, "एवरा शिकलेला मानूस, न् चिंबोरीला भितंय."

घरची म्हणजे माझी बायको. आमच्यात नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नसे, तिने माझं घ्यायचा तर प्रश्नच नाही. मी तिला "अगो" म्हणायचो, ती मला "अवो". सगळा संसार त्या दोन शब्दांवर झाला. गेल्या भाद्रपदात ती गेली. रडगाणं लिहायला बसलेलो नाही. मास्तरांबद्दल लिहायचं आहे. पण ती त्यात येणार, कारण ती त्यात होती.

मास्तरांना एकच ध्यास होता. आमचं मीठ जरा कडवट लागायचं आणि पावसाळ्यात पाझरायचं. रांजणात भरलं तरी खाली पाणी. आम्हाला वाटायचं, मीठ आहे, रडणारच. मास्तर म्हणायचे, मीठ रडत नाही, मिठात राहिलेलं दुसरं काहीतरी रडतं. वाफ्यात मीठ पडून गेल्यावर शेवटी जे दाट, कडूजहर पाणी उरतं, ते मिठाबरोबर ओढलं जातं आणि घात करतं. ते पाणी आधीच काढून टाकलं तर फरक पडेल का, आणि किती, हे त्यांना बघायचं होतं. बघून त्याचा पेपर लिहायचा होता. मुकादमाने विचारलं, कुठल्या पेपरात येणार, आमचा फोटो येईल का. मास्तर म्हणाले, या पेपरात फोटो नसतो आणि तो वडे बांधायलासुद्धा कुणी घेत नाही. जगात पन्नास माणसं वाचतील. मुकादम म्हणाला, मग एवढं उन्हातान्हात मरता कशाला? मास्तर म्हणाले, "त्या पन्नासांसाठीच."

पेपर म्हणजे काय, ते त्यांनी आम्हा दोघांना बांधावर बसून सांगितलेलं. मला आजही ते पाठ आहे. मला म्हणाले, गोमा, भरतीला खाडीचं पाणी आत घेतोस ते थेट वाफ्यात सोडतोस का? म्हटलं, छे. आधी मोठ्या तळ्यात, तिथून दुसऱ्या तळ्यात, तिथे तापून घट्ट होतं, मग वाफ्यात. म्हणाले, पेपरचंही तसंच. पहिल्या तळ्यात, आजवर लोकांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं. दुसऱ्यात, आपण काय केलं. ते असं लिहायचं, की उद्या मी मेलो तरी मद्रासकडचा कुणी मिठागरवाला ते वाचून जसंच्या तसं करून बघू शकेल. तिसऱ्यात, काय दिसलं. नुसतं दिसलेलं, आपलं शहाणपण नाही. चौथ्यात, आपल्याला काय वाटतं. मग म्हणाले, "आणि मधले बांध पक्के हवेत. वाटलेलं जर दिसलेल्यात झिरपलं, तर सगळं पीक कडू."

आमची घरची टोपली डोक्यावरून उतरवत होती. तिने विचारलं, "न् ज्यांनी पानी ओरला, त्यांचा नाव कुठल्या तल्यान?"

मास्तर थबकले. तिच्याकडून सवालाची त्यांना अपेक्षा नव्हती. म्हणाले, "त्यांचं शेवटी, बाई. आभारात. एक ओळ."

"येकच?"

"एकच. पण छापलेली."

त्या दिवसापासून मास्तर तिच्याशी नीट बोलायला लागले. तोवर ते फक्त माझ्याशीच बोलत.

मोठमोठ्या शब्दांचा त्यांना राग होता. मला त्यांनी एक वही दिली आणि रोजचं ऊन, वारा, पाणी लिहून ठेवायला सांगितलं. मी लिहिलं, वारा बरा. त्यांनी "बरा"वर काट मारली. "बरा म्हणजे किती?" मी लिहिलं, वारा खूप. त्यांनी "खूप"वर काट मारली. मी वैतागलो. दुसऱ्या दिवशी लिहिलं, वारा धोतराचा सोगा उडेल एवढा. म्हटलं, आता मारा काट. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला म्हणाले, हे बरोबर आहे, हे मोजता येतं, तुझं धोतर कसलं आहे तेवढं लिही. मग मांजरपाटाचं म्हणून लिहिलं. त्या वर्षीच्या वहीत वाऱ्याची तीन मापं आहेत. सोगा हलेल एवढा, सोगा उडेल एवढा, आणि सोगा धरावा लागेल एवढा. शाळेत मला कधी शाबासकी मिळाली नव्हती. ती मला तिशीच्या आत, चिखलात उभं राहून मिळाली.

एका रविवारी त्यांनी आम्हाला शाळेत नेऊन त्यांचा तराजू दाखवला. काचेच्या कपाटात ठेवलेला, देव्हाऱ्यासारखा. म्हणाले, त्या बाजूला श्वाससुद्धा सोडू नका. कागदाचा एक कपटा पारड्यात ठेवून त्यांनी वजन केलं. मग कपटा बाहेर काढला, हातात शिसपेन्सिल घेतली आणि घरचीला विचारलं, बाई, नाव काय तुमचं? तिने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघायला लागलो. मी कसं घेणार नाव? शेवटी तिनेच हळू आवाजात सांगितलं. नाव मी इथे लिहीत नाही, त्याच्या जागी येईल. मास्तरांनी ते कपट्यावर ठळक गिरवलं आणि कपटा परत पारड्यात ठेवला. काटा केसभर सरकला. आम्ही दोघांनी बघितला, अगदी केसभर, पण सरकला. "बघा बाई," मास्तर म्हणाले, "नाव लिहिलं तेवढं वजन वाढलं." पुलावरून चालत परत आलो. घराशी आल्यावर म्हणाली, "इतकुसा का व्हयना, पन हाय."

आता चूक सांगतो. चूक माझी.

सहा वाफे घेतलेले. तीन वाफ्यांतलं कडू पाणी मास्तर सांगतील त्या दिवशी काढून टाकायचं, तीन वाफ्यांत नेहमीसारखं चालू द्यायचं. सगळ्यांचं मीठ ओढून सहा वेगळ्या राशी केल्या. आठ दिवस त्या निथळल्या. मग प्रत्येक राशीतलं मीठ पिशवीत भरून मास्तरांना पोचवायचं. त्यांनी बजावून सांगितलेलं, प्रत्येक राशीतून तीन ठिकाणचं घ्या, वरचं, मधलं आणि तळाचं, सारखं घ्या आणि मिसळा. नेमकं त्या दिवशी शाळेत परीक्षा होती, ते येऊ शकले नाहीत. मी आणि घरची, आम्ही दोघांनीच पिशव्या भरल्या.

आमच्यात कुणाच्या घरी मीठ द्यायचं तर राशीच्या तळाचं देत नाहीत. तळाचं मीठ मातकट असतं, ओलं असतं. ते पाहुण्याला देणं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर बसवून वाढण्यासारखं. लेकीच्या सासरी, वैद्याला, भटजीला, जाईल ते माथ्याचं, पांढरंशुभ्र. कडू पाणी काढलेले तीन वाफे आम्ही सगळे "मास्तरांचे वाफे" म्हणायचो. बाकीचे तीन शेटचे, म्हणजे मिठागराच्या मालकाचे. मास्तरांच्या राशींपाशी मी बसलो आणि माझा हात तळाला जाईना. घरची म्हणाली, तीन जागचा घ्यायचा हाय. मी म्हटलं, गप, मास्तरांच्या घरी मातीचं मीठ धाडू काय? वरचं घेतलं, तेही निवडून. शेटच्या राशींना मात्र त्यांनी सांगितलं तसंच केलं, वर, मध्ये, तळ. शेटला काय, तो कुठे पाहुणा होता.

निथळलेल्या राशीत कडू पाणी वरून खाली उतरतं आणि माथ्याचं मीठ आपोआप गोडं होतं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. म्हणून तर पाहुण्याला माथ्याचं द्यायचं. पण त्याचा आणि मास्तरांच्या नळ्यांचा काही संबंध असेल हे डोक्यात आलं नाही. चौथी शिकलेलं डोकं.

पंधरा दिवसांनी मास्तर आले ते सायकल बांधावर टाकूनच धावत आले. एवढा फरक, एवढा फरक म्हणून हातवारे करत होते. मी त्यांना म्हटलं, एवढा म्हणजे किती? तेव्हा हसले. त्यांना तसं हसताना मी पुढे कधी बघितलं नाही. मग मिठाच्या राशीला टेकून त्यांनी मनातलं सांगितलं. दूर समुद्रकाठी एका सरकारी प्रयोगशाळेत मिठाचं काम चालायचं, तिथे एक जागा होती. एक चांगला पेपर हातात असेल तर ती मिळण्यासारखी होती. पण वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी ते त्या अटीच्या बाहेर जाणार होते. वीस वर्षं खडू खाल्ला, गोमा, म्हणाले, आता एकदा तरी दिवसभर तराजूसमोर बसायचं आहे.

वैशाख संपत आला तेव्हा पेपर लिहून झाला. टपालात टाकायच्या आधी त्यांनी आम्हा दोघांना ठाण्याला त्यांच्या खोलीवर जेवायला बोलावलं. ते एकटेच राहायचे, बायको बाळंतपणात फार पूर्वी गेलेली. स्वतःच्या हाताने पिठलं-भात केलेला. आमच्यासारख्यांना समोर बसवून वाढणारा मास्तर तेव्हा विरळा. वाढून झाल्यावर त्यांनी कागद घेतले आणि इंग्रजीतून मराठी करत वाचायला लागले, पहिल्या तळ्यापासून. दुसऱ्या तळ्यात आले आणि वाचलं, "प्रत्येक राशीच्या माथ्यावरून, मधून आणि तळातून सारखं मीठ घेऊन मिसळलं."

माझा घास हातात राहिला. पुढचं मला ऐकू येईना. मनात म्हटलं, कुणाला कळणार आहे. त्या पन्नासांतला एक तरी कळव्याला येऊन बघणार आहे का? माणसाचं भलं होतंय, होऊ दे. मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. घरची माझ्याकडे बघते आहे हे मला न बघता कळत होतं. तिने वाट बघितली. चांगली वाट बघितली, मास्तर तिसऱ्या तळ्यातले आकडे वाचून संपवेपर्यंत. मग ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मास्तर, तसा झाला नाय."

त्यांचा हात सवयीने वर गेला. अर्ध्यात थांबला आणि खाली आला. म्हणाले, "सांगा बाई. काय दिसलं?"

तिने सांगितलं. कोणत्या राशीतलं कुठलं, हाताने दाखवून. मला वाचवायला काही घातलं नाही, आणि माझ्यावर ढकलूनही दिलं नाही. "आमच्या हातून" म्हणाली, आमच्या दोघांच्या. मास्तर एकेक विचारत गेले. तिन्ही राशींचं वरचंच? मधलं थोडंसुद्धा नाही? शेटच्या तिन्हींचं नीट? मग विचारलं, त्या राशी आहेत का अजून? राशी कधीच मचव्यात चढून खाडीतून गेल्या होत्या. पाऊस आठ दिवसांवर आलेला. पुन्हा मीठ पिकणार ते पुढच्या हंगामात.

त्यांनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या, टाचणी टोचली. "जेवून घ्या," म्हणाले, "पिठलं निवतंय." मी जेवलो. लाज वाटून सांगतो, पूर्ण जेवलो. ती जेवली नाही.

पुलावर मी तिला नाही नाही ते बोललो. एका माणसाचं नशीब उघडत होतं ते तू लाथाडलंस, म्हटलं. तुला कुणी विचारलेलं? ती चालत राहिली. पुलाच्या मध्यावर थांबून म्हणाली, "पावन्याला तलाचा मीठ नाय द्यायचा, कबूल. पन पावन्याच्या तोंडून खोटा वदवायचा का?"



सगळा पावसाळा मास्तर फिरकले नाहीत. मी समजलो, संपलं. दसरा झाला, आम्ही बांध लिंपायला घेतले आणि एका शनिवारी पुलाकडून सायकल आली. कोट तोच. मागे गाठोडं. त्यात मांजरपाटाच्या अठरा पिशव्या, प्रत्येकीवर काळ्या दोऱ्याने शिवलेलं, माथा, मध्य, तळ. स्वतः शिवलेल्या, टाके वाकडे. मला म्हणाले, गोमा, वाफे तू बघ. आणि मग म्हणाले, "मीठ बाई भरतील."

ते मला लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. आणि "फार" म्हणजे किती ते मला आजही मोजता येत नाही.

दुसरा हंगाम पुरा झाला. फरक निघाला, पण पहिल्याच्या निम्मासुद्धा नाही. मास्तरांनी तो तसा लिहिला. पहिल्या वर्षीचे आकडे टाकून दिले, आणि का टाकले तेही लिहिलं. चौथं तळं अगदी लहान, चार ओळींचं. म्हटलं, मास्तर, एवढंच वाटतं तुम्हाला? म्हणाले, जेवढं दिसलं तेवढंच वाटायला पाहिजे. ती जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती आणि मास्तरांचं वय अटीपलीकडे गेलं होतं. मी एकदा धीर करून विचारलं, राग नाही आला? ते वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले होते, पाण्यात नळी बुडवून. नळीतून डोळा न काढता म्हणाले, "आला ना. पण तो कुठल्या तळ्यात घालू?"

तिसऱ्या वर्षी पेपर छापून आला. सहा पानं, इंग्रजी. ते स्वतः घेऊन आले. घरची ओट्यावर बोंबील साफ करत होती. मास्तरांनी शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं, ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत वाचून दाखवलं. तिने ओला हात पदराला पुसला न पुसला, आणि त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. कागदावर डाग पडला. ती ओशाळली. मास्तर म्हणाले, असू द्या बाई, आता तुमची सहीही झाली. त्या ओळीत माझं नाव नव्हतं. मी चहा टाकायला आत गेलो. मास्तर चहा पीत नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी गेलो.

पुढे ते शाळेतून निवृत्त झाले आणि नाशिककडे पुतण्याकडे राहायला गेले. निघायच्या आदल्या दिवशी मिठागरावर आले, सहाही वाफ्यांच्या बांधांवरून एक फेरी मारली. एक चिंबोरी आडवी आली. या वेळी मागे सरले नाहीत, तिला जाऊ दिलं आणि मग पुढे गेले. घरची म्हणाली, मास्तर, आता भ्या वाटत नाय? म्हणाले, वाटतं, पण आज वेळ कमी आहे.

मग दर वर्षी हंगामाच्या तोंडावर एक पोस्टकार्ड यायचं. बाकी विचारपूस एका ओळीत, आणि मग, पहिलं मीठ कधी पडलं, वारा किती? मी लिहायचो, सोगा उडेल एवढा. मी धोतर सोडून पायजमा घालायला लागलो तरी तसंच लिहीत राहिलो. नऊ कार्डं आली. दहावं आलं ते दुसऱ्याच्या अक्षरात. घरचीने पोस्टमनच्या हातातून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षराचं वळण बघून म्हणाली, "मास्तर गेलं." मी वाचलं. खरंच गेलेले. तिने त्या दिवशी चूल पेटवली नाही. जातीच्या-गोताच्या माणसाला धरावं तसं सुतक धरलं.

मिठागरं गेली. भराव पडला, इमारती उभ्या राहिल्या. त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, ज्यांनी बघितलं त्यांना ठाऊक आहे.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. मास्तर गेल्यानंतर कधीतरी, एका बारशाला, पाहुण्यांत बसून मी ही गोष्ट सांगितली. सांगता सांगता जीभ घसरली आणि मी म्हणालो, मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, मास्तर, तसं झालं नाही. लोक वा म्हणाले. मग ती गोष्ट तशीच पडली. पोरांना तशीच सांगितली, सुनांना तशीच, नातवंडांना तशीच. पंधरा-वीस वेळा तरी. दर वेळी ती तिथेच असायची, लसूण सोलत, नाहीतर तांदूळ निवडत. एकदाही तिने मान वर केली नाही. ज्या बाईने मास्तरांच्या पेपरात एक ओळ खोटी राहू दिली नाही, नशीब फिरलं तरी राहू दिली नाही, तिने माझी खोटी गोष्ट जन्मभर घरात नांदू दिली. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने दिसलं ते सांगितलं असतं, ही भीती होती. आता विचारावंसं वाटतं. रोज सकाळी चहा घेताना वाटतं. समोर कप एकच असतो.

थोरल्याची मुलगी कल्याणच्या कॉलेजात शास्त्र शिकते. परवा ती तिच्या प्रयोगाचं काहीतरी लिहीत बसली होती. म्हटलं, आधी काय ठाऊक होतं, मग काय केलं, मग काय दिसलं, मग काय वाटतं, असंच ना? ती बघतच राहिली. आजोबा, तुम्हाला कसं माहीत? मी उठलो आणि घरचीच्या पेटीतून, लुगड्याच्या घडीतून ती सहा पानं काढून तिच्या हातात दिली. मला माहीत होतं शेवटी काय लिहिलेलं आहे. माहीत होतं म्हणूनच दिली.

ती उभ्या उभ्या वाचत गेली. शेवटच्या पानावर आली. डागावरून बोट फिरवलं. मग मराठी करून मोठ्याने वाचलं, तिची आजी बोलायची तसं थांबून थांबून. "कळव्याच्या चांगुणाबाईंचे आभार. मीठ कसं घेतलं गेलं, हे त्यांनी जसं दिसलं तसं सांगितलं, म्हणून हे काम पुन्हा करता आलं."

जगात छापलेलं तिचं नाव तेवढंच आहे.

नात माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर सांगायचात की तुम्ही बोललात. मग मास्तरांना सांगितलं कुणी?"

"चांगुणाने," मी म्हणालो.

इतक्या वर्षांत तिचं नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं.